कल्हईवाल्या भाईंना

आदरणीय भाई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. तुमची नात वाचून दाखवील, म्हणून हे इथे लिहितो. अंगणातल्या निळ्या डागाबद्दल समोर आभार मानायला गेलो की तुम्ही भाता हलवायला लागता आणि विषय संपतो.

मे महिन्याच्या शेवटी आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, बोर्डो या बुरशीनाशकाची फवारणी होती. पाऊस लागण्याआधी पोफळींवर ती झाली नाही तर कोळे रोग घड गाळून टाकतो, हे गोव्यातल्या आमच्या सावई-वेऱ्यात पोरंसोरंही सांगतील. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि १ किलो चुना. दरवर्षी हे कालवणं खाली पाटाजवळ चालतं. यंदा माझ्या डोक्यात आलं की फाटकापासून पोर्चपर्यंत नवा काँक्रिटचा रस्ता केलाय, नळही जवळ आहे, मग पिंप तिथेच ठेवू. सुरीचं पातं बुडवून पाहिलं तर त्यावर तांबूस थर चढला. म्हणजे चुना कमी. तो आणायला मी वळलो आणि मोरचुदाच्या पाण्याची बादली पायाने कलंडली. मग पिंपही झिरपत होतं असं कळलं. संध्याकाळपर्यंत गाडी उभी राहते तिथे माणूस हात पसरून झोपेल एवढा निळा डाग.

म्हटलं, पावसात जाईल. नाही गेला. जाणार कसा? पानांवरून पावसाने धुऊन जाऊ नये, हाच तर बोर्डोचा गुण. फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांसाठी १८८५ साली जाहीर झालेलं हे औषध आमच्या पोफळींवर भर पावसातही तग धरतं, ते काँक्रिटवर कसं सोडेल?

चवथीला मुंबईचे पाहुणे येणार म्हणून मी बाथरूमचं ॲसिड ओतलं. काय फेस आला, भाई! वाटलं, डाग उकळून निघतोय. उकळत होतं ते सिमेंट. त्यातला चुना ॲसिड खात होतं. वर वाळू उघडी पडली, हात फिरवला की खरखर लागायची. डागाचं म्हणाल तर ॲसिडात विरघळलेलं तांबं छिद्रांतून खाली उतरलं, तिथे त्याला आतला चुना भेटला आणि ते पुन्हा निळं-हिरवं होऊन तिथेच बसलं. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी दुसरी बाटली आणली होती. पुढे कुणी ब्लीचिंग पावडर सांगितली, तीही टाकली. आतेने बिंबलं चोळायला सांगितलं. पितळेच्या समईवर बिंबल झकास चालतं, पण तेही आंबटच, म्हणजे पुन्हा तेच. एका दुकानदाराने तर डाग न पाहताच महागडा डबा हातात दिला. तो तेलाच्या डागांचा निघाला.

दसऱ्यानंतर पितळी टोप घेऊन मी फोंड्याला वरच्या बाजारात तुमच्याकडे आलो, ते कल्हईसाठी. बोलता बोलता मोबाईलमधला फोटो दाखवला. तुम्ही चष्मा पुसून फोटो डोळ्यांजवळ नेलात आणि म्हणालात, "हा डाग कसला? हा तर कळक." बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं तो तांब्या-पितळेचा हिरवट कळक मला लहानपणापासून ठाऊक, पण माझं अंगण कळकलंय हे काही मला सुचलं नव्हतं. तोपर्यंत ज्याने त्याने काय ओतायचं तेवढंच सांगितलं होतं. ते आहे काय, हे पाहिलंत तुम्ही एकट्याने.

रविवारी तुम्ही बसने आलात. पिशवीत नवसागर, शंखजिऱ्याची पूड आणि लाकडी खरवडणी. आल्या आल्या विचारलंत, "आजवर काय काय ओतलंत ते खरं सांगा." ब्लीचिंगचं नाव काढताच पिशवी खाली ठेवलीत. दोनदा भरपूर पाण्याने जागा धुवायला लावलीत, सुकू दिलीत, आणि मग पुढे. धाकटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. अमोनिया आणि ब्लीचिंग एकत्र आले तर विषारी वायू होतो, हे तिने मला नंतर सांगितलं. अमोनियाचं पाणी तिनेच आणलं होतं, तेवढं श्रेय तिचं.

एक वाटी नवसागर, चार वाट्या शंखजिरे आणि घावनाच्या पिठापेक्षा दाट होईल इतपत अमोनिया. वास असा की डोळ्यांतून धारा. तुम्ही तोंडाला पंचा बांधून वाऱ्याकडे पाठ करून बसलात आणि आम्हालाही बसवलंत. बोटभर जाडीचा पांढराशुभ्र लेप दिलात. नंतरचा अर्धा तास मी जागचा हललो नाही. लेपाच्या कडेला आधी एक रेघ उमटली, शाईच्या दौतीत बोट बुडवल्यासारखी. मग मध्ये ठिपके. खालचं तांबं अमोनियात विरघळून लेपात वर चढत होतं आणि पांढरा लेप गडद निळा होत होता. डाग इतका सुंदर दिसेल असं वाटलं नव्हतं.

वाळल्यावर लाकडानेच खरवडायचं, लोखंड लावायचं नाही. मग धुवायचं, तेही कसूर न करता, कारण नवसागर मुरत राहिला तर काँक्रिटलाच खातो. तीन लेप लागले. निळी पूड तुम्ही खताच्या रिकाम्या पोत्यात भरायला लावलीत, आणि धुवण अडवायला ओल्या मातीचा बांध घातलात. मी कंटाळून म्हटलं, "जाऊ दे ना पाटात." तुम्ही पाटातल्या माशांकडे बोट दाखवलंत, मग विहिरीकडे. पुढे काही बोलायची गरज पडली नाही.

जाताना सांगितलंत, "ॲसिडने खाल्लंय ते मला परत देता येणार नाही." खरंच आहे. डाग बहुतेक गेला, पण तेवढ्या जागेची वाळू वरच आहे आणि पाणी पडलं की ती अजून किंचित निळसर दिसते. पैसे तुम्ही नवसागराचे, शंखजिऱ्याचे आणि बसचे घेतलेत. दिवसभराच्या मजुरीचं काढलं तर म्हणालात, टोपाच्या कल्हईत धरलेत. टोपाच्या कल्हईचा भाव मला माहीत आहे, भाई.

पुढच्या पावसाआधी पिंप खाली कुळागरातच राहील, ताडपत्रीवर. तुमची खरवडणी आमच्या ओट्यावर राहिली आहे, टोक अजून निळं आहे. तुळशीच्या लग्नाआधी आणून देतो. आईचं मोठं पातेलंही आणतो. तिने कालच ताक त्यातून काढून ठेवलंय.

आपला,
सावई-वेऱ्याचा, पितळी टोपवाला