हलक्याफुलक्या प्रेमकथांच्या शिफारशींबाबत सूचना

सर्व वाचक-सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने एका समकालीन, हलक्याफुलक्या प्रेमकथेची किंवा स्त्रीकेंद्री कादंबरीची शिफारस पाठवावी. मराठी, इंग्रजी, अनुवादित, काहीही चालेल.

कृपया ‘मस्त आहे, वाचाच’ एवढ्यावर थांबू नका. प्रेमकथेचा शेवट गोड होणार हे वाचकाला बहुधा माहीतच असतं. खरी मजा ती दोघं तिथवर कशी पोचतात यात असते. म्हणून संवाद खुसखुशीत आहेत का, नायिकेला तिचं स्वतःचं काम, मैत्रिणी, हट्ट आहेत का, हे लिहा. शृंगार कितपत उघड आहे तेही आधीच सांगा.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. हसतखेळत लिहिलेल्या पुस्तकातही जड विषय येतात. आयरिश लेखिका मॅरियन कीज यांची ‘रेचल्स हॉलिडे’ भरपूर हसवते, पण ती व्यसनमुक्ती केंद्रात घडते. व्यसन, गर्भपात, घटस्फोट, आजारपण असं काही असेल तर एका ओळीत कळवा. आपल्यातल्या कुणाला ते सध्या वाचणं जड जाऊ शकतं. पुस्तकाचा पुढचा भाग असेल तर क्रमही द्या. याच रेचलची पुढची गोष्ट, ‘अगेन, रेचल’, २०२२मध्ये आली; ती आधी हातात पडली तर पहिलीतली उत्कंठाच जाते.

‘बायकांची पुस्तकं’ म्हणून कुणाच्याही निवडीला नाक मुरडू नये. पुरुष सभासदांनीही आवर्जून शिफारस करावी.

आपले,
संयोजक