काळ्या तिखटाच्या डब्यासोबत

सोलापूर,
५ जानेवारी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

या पत्रासोबतच्या डब्यात अर्धा किलो काळे तिखट, गावरान तीळ, दाण्याचे कूट आणि गुळाचा एक खडा आहे. परवा तू आईला भोगीच्या भाजीची कृती विचारलीस आणि ती ‘सविस्तर लिहून पाठवते’ म्हणाली, ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. का आले, ते पुढे सांगतो. फक्त भाजीविषयी लिहायचे, काविळीचा विषय काढायचा नाही, असे तिने मला बजावले आहे आणि मलाही ते मान्य आहे.

आदल्या रात्री मूठभर शेंगदाणे भिजत घाल, कारण तुला तिथे ओल्या शेंगा मिळतील असे वाटत नाही. बाकीचे सगळे गुरुग्रामच्या मंडईत मिळेल. हरभऱ्याच्या सोलाण्यांना तिकडे छोलिया म्हणतात आणि वालाच्या शेंगांना सेम. भाजीवाल्याला सोलाणे म्हणून विचारलेस तर तो तुझ्या तोंडाकडे पाहत राहील. एकट्याला दोन वेळा पुरेल असा अंदाज देतो. चार लहान वांगी, एक गाजर, दोन मुठी वालाच्या शेंगा, अर्धी वाटी मटार, अर्धी वाटी सोलाणे, उसाचे चार करवे आणि पाच-सहा बोरे. तिकडचे लाल गाजर गोड असते, म्हणून गूळ सुपारीएवढाच पुरे. शेंगांच्या दोन्ही बाजूंच्या शिरा काढ, एकाच बाजूची काढून ‘झाले’ म्हणू नकोस. भाज्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुतल्यास तर बरेच. पिण्याचे पाणी तर उकळलेलेच घ्यायचे, यंत्रातून येते म्हणून ते शुद्धच असते असे समजू नये, आणि ही कावीळ दूषित पाण्यातूनच येते हे डॉक्टरांनी तुला सांगितले असेलच. तू आम्हांला सांगितले नाहीस एवढेच.

हे मी लिहिणार नव्हतो. पुढे जातो.

वांग्याच्या फोडी चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाक, नाहीतर त्या काळ्या पडतात. कढईत दोन चमचे तेल घे. आपल्याकडे एरवी या भाजीला अर्धी वाटी तेल लागते आणि वर तवंग आल्याशिवाय तुझी आजी कढई उतरू देत नसे. पण तुझे यकृत अजून नुकतेच सावरले आहे. मोहरी पूर्ण तडतडू दे, मग जिरे, हिंग, हळद आणि कढीपत्ता. त्यावर शेंगदाणे, सोलाणे, मटार, गाजर आणि शेंगा परतून घे आणि कढईवर ताटली ठेवून ताटलीत पाणी ओत. भाजी आपल्या वाफेवर शिजते, ताटलीतले पाणी तापते, आणि रसासाठी तेच गरम पाणी वापरायचे. गार पाणी ओतले की शिजत आलेली भाजी दबते. दहा मिनिटांनी वांगी आणि उसाचे करवे घाल. काळे तिखट तापल्या तेलात कधीही घालू नये. त्यातली मिरची, धने, खोबरे, कांदा, दगडफूल हे सगळे आधीच खरपूस भाजलेले असते, त्यामुळे ते तेलात पडताक्षणी करपते आणि भाजी कडू होते. भाज्यांना पाणी सुटल्यावर दीड चमचा घाल आणि मीठही तेव्हाच. चिंचेचा कोळ शेवटी, कारण आंबट आधी पडले तर सोलाणे शिजता शिजत नाहीत. मग गूळ, भाजून कुटलेले तीळ, दाण्याचे कूट, आणि उतरवण्यापूर्वी पाच मिनिटे बोरे. रस अंगासरशी असावा.

हे सगळे मला ठाऊक असल्याचे तुला आश्चर्य वाटेल. त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत चहापलीकडे काही न केलेल्या माझ्या हातून गेल्या पंधरा दिवसांत ही भाजी तीनदा झाली आहे. पहिली करपली. दुसरीत चिंच आधी पडली, म्हणून वरचा नियम मी अनुभवाने लिहिला आहे. तिसरी मात्र शेळगीच्या आत्याने दोनदा वाढून घेतली आणि केली कोणी हे कळल्यावर ती बराच वेळ बोलली नाही, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र आपल्या घराण्यात नाही. कारण असे, की १९ डिसेंबरला तुझी आई न्हाणीघरात घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. हात प्लास्टरमध्ये आहे. ती स्टुलावर बसून सांगते आणि मी करतो. व्हिडिओवर तुला हात दिसू नये म्हणून ती पदर पुढे ओढून बसते, आणि ‘पोराला आत्ताच बरे वाटू लागले आहे, उगीच घोर नको’ हे तिचे म्हणणे मी सतरा दिवस ऐकले. आज ती दुपारची झोपली असताना हा परिच्छेद लिहीत आहे.

तेव्हा तुला बोलण्याचा मला अधिकार उरलेला नाही हे मी जाणतो. तरीही बाळ, तीन आठवडे! तुझ्या मित्राच्या तोंडून चुकून निघाले नसते तर आम्हांला आजही कळले नसते. डोळे पिवळे दिसू नयेत म्हणून तू कॅमेरा बंद ठेवायचास आणि रेंज नाही म्हणायचास, आणि हे तू तेहतीस वर्षे टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला सांगायचास. मी तेव्हाच तुझ्या आईला म्हणालो होतो की आवाज इतका स्वच्छ येत असताना चित्र अजिबात येऊ नये हे रोज घडत नाही. पण मीही विचारले नाही. विचारले असते आणि तू काही सांगितले असतेस, तर ते ऐकावे लागले असते.

‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ असे आजी म्हणायची. गेल्या वर्षी तू रजा नसल्यामुळे भोगीला आला नाहीस, आणि तुझ्या आईच्या मते सगळ्याचे मूळ तिथेच आहे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, तरी हा डबा मी स्वतः दोनदा दोरीने बांधला आहे. तू सहा-सात वर्षांचा असताना भाजीतली बोरे आधी वेचून खायचास आणि बिया ताटाच्या कडेने ओळीने मांडायचास. एका भोगीला दुपारी सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला तुला खांद्यावर घेऊन गेलो होतो. नंदीध्वज आले, पांढऱ्या बाराबंद्यांचा समुद्र उसळला, ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ ऐकताच सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आणि तू माझ्या डोक्यावर बोरांच्या बिया टाकल्यास. सदऱ्याच्या खिशात साठवून आणल्या होत्यास. गर्दीत माझा पाय चेंगरला होता, तो मी घरी येईपर्यंत तुला कळू दिला नाही. हे मी कशासाठी लिहीत होतो ते आता आठवत नाही.

बाजरीचे पीठ मुद्दाम पाठवलेले नाही, कारण ते लवकर कडवट होते. हरियाणात बाजरी भरपूर, ताजे दळून घे. भाकरी थापताना वरून तीळ लाव. नाही जमली तर पोळीसोबत खा. उपाशी राहून भाकरीचा हट्ट नको, आणि बाहेरचे मागवू नकोस, निदान अजून तीन महिने. मित्रांबरोबर बसण्याविषयी मी काही म्हणत नाही. तू तीस वर्षांचा आहेस. पण डॉक्टरांनी दारू वर्ज्य म्हटले असेल तर वर्ज्य म्हणजे वर्ज्य. रागावू नकोस, हे मी माझ्या धाकट्या भावाचे पाहिले आहे म्हणून लिहितो.

डबा पोहोचायला चार-पाच दिवस लागतील, म्हणजे १३ तारखेच्या भोगीआधी मिळेल. त्या दिवशी दुपारी कॅमेरा चालू ठेवून फोन कर आणि ताट दाखव. आईचा हात मी तिला पदराबाहेर ठेवायला सांगेन. ती ऐकेलच असे नाही.

तुझे
अण्णा

ता. क. आई उठली आणि तिने सगळे वाचले. रागावली, पण फाडले नाही. तिळाची पुडी वेगळी बांधली आहे, ती आधी उघड, कारण तिच्यात हलव्याचे चार दाणे आहेत. खालची वेडीवाकडी सही तिची आहे. डाव्या हाताने केली आहे, मी हात धरलेला नाही.