ब्राउझरपुरतं व्हीपीएन

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचलं. व्हीपीएन (इंटरनेटचा प्रवास दूरच्या एका सर्व्हरमार्गे नेणारी कूटबद्ध वाट) चालू केलं की प्रिंटर दिसेनासा होतो, व्हिडिओ कॉल अडखळतो, आणि हे सगळं कशासाठी, तर ब्राउझरमधली दोन-चार संकेतस्थळं त्या वाटेने जावीत म्हणून. तुझा वैताग अगदी रास्त आहे. यावर मला मनापासून आवडलेला एक उपाय सविस्तर लिहितो.

आधी, हे का होतं ते बघ. व्हीपीएनचा क्लायंट, म्हणजे तुझ्याकडचा त्याचा प्रोग्राम, मशीनच्या राउटिंग टेबलमध्ये (कुठलं पॅकेट कुठल्या वाटेने जायचं त्या यादीत) हात घालतो. ओपनव्हीपीएन हे व्हीपीएन सॉफ्टवेअर सहसा ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे दोन मार्ग टाकतं. हे दोन्ही मिळून सगळं इंटरनेट व्यापतात आणि मूळ डीफॉल्ट मार्गापेक्षा जास्त नेमके असतात, त्यामुळे जुना गेटवे (बाहेर जायचं नेहमीचं दार) टेबलात असूनही त्याला कोणी विचारत नाही. शिवाय बरेच क्लायंट खबरदारी म्हणून लोकल नेटवर्कही बंद करतात. तुझा प्रिंटर तिथेच अडकतो.

म्हणून क्लायंट तुझ्या मशीनवर ठेवूच नकोस. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक छोटी व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे संगणकातला संगणक) कर, त्यात डेस्कटॉप नसलेलं डेबियन लिनक्स टाक. एवढ्या कामाला ५१२ एमबी मेमरी पुरते. तिला दोन नेटवर्क कार्डं दे: पहिलं नॅट, बाहेर जायला, दुसरं होस्ट-ओन्ली, फक्त तुझ्या मशीनशी बोलायला. होस्ट-ओन्लीची नेहमीची रेंज १९२.१६८.५६.० ची असते, त्यातला १९२.१६८.५६.१० हा पत्ता व्हीएमला कायमचा देऊन टाक. आत वायरगार्ड हे व्हीपीएन चालव आणि त्याच्या जोडीला दान्ते नावाचा सॉक्स प्रॉक्सी (ब्राउझरच्या वतीने बाहेर जाणारा मध्यस्थ प्रोग्राम), पोर्ट १०८०. मग फायरफॉक्सचं एक वेगळं प्रोफाइल करून त्यात हा प्रॉक्सी भर. फायरफॉक्स स्वतःची प्रॉक्सी सेटिंग्ज वेगळी ठेवतो, त्यामुळे बाकी मशीनला याचा पत्ताही लागत नाही.

व्हीएमलाच गेटवे का करू नये, असं तू विचारशीलच. करता येतं, पण मग आयपी फॉरवर्डिंग (आलेली पॅकेट्स तशीच पुढे पाठवणं) चालू करावं लागतं आणि कुठलं पॅकेट कुठे जातंय याची चिंता पुन्हा मागे लागते. प्रॉक्सी असला की ब्राउझरचं कनेक्शन व्हीएममध्येच संपतं आणि प्रॉक्सी स्वतःचं नवीन कनेक्शन उघडतो. फॉरवर्डिंग बंदच राहतं. ज्याने प्रॉक्सीकडे मागणी केली, तेवढंच पलीकडे जातं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. टनेल, म्हणजे वायरगार्डची सर्व्हरपर्यंतची जोडणी, कधीतरी तुटणारच. त्या क्षणी तुझी विनंती गुपचूप नॅटच्या कार्डावरून उघड्या वाटेने गेली, तर एवढा खटाटोप वाया. दान्तेच्या 'एक्स्टर्नल' या सेटिंगमध्ये वायरगार्डच्या इंटरफेसचं नाव लिहिलं की काम झालं असं धरू नकोस. त्याने बाहेर पडताना कुठला पत्ता वापरायचा ते ठरतं, वाट मात्र राउटिंग टेबलच ठरवतं. व्हीएमच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणारं सगळं आधी बंद कर. मग मोजक्याच गोष्टी उघड: लूपबॅक (व्हीएमचं स्वतःशीच बोलणं), होस्ट-ओन्ली कार्ड, वायरगार्डचा इंटरफेस, आणि नॅटच्या कार्डावरून दोनच गोष्टी: डीएचसीपी (आपोआप पत्ता मिळवणं), आणि व्हीपीएन सर्व्हरच्या एकाच पत्त्यावर, एकाच पोर्टवर यूडीपी प्रकारची पॅकेट्स; हा पोर्ट वायरगार्डला बहुधा ५१८२० असतो. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) पूर्ण बंद. सर्व्हरचं नाव न लिहिता थेट आयपी पत्ता लिही, नाहीतर टनेल उभं राहायच्या आधीच डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) लागेल आणि त्यासाठी भोक ठेवावं लागेल. टनेल पडलं तर ब्राउझरही ठप्प व्हायला हवा. तसा तो झाला तरच सेटअप बरोबर आहे असं मी म्हणेन.

दान्ते फक्त १९२.१६८.५६.१० वरच ऐकतोय ना, तेही पाहा. व्हीएम ब्रिज्ड (म्हणजे घरच्या नेटवर्कला थेट जोडलेल्या) कार्डावर टाकून प्रॉक्सी सगळ्यांसाठी उघडा ठेवणं धोक्याचं आहे.

ब्राउझरच्या बाजूला दोन फटी राहतात. सॉक्स ५ निवडलंस तरी नावं कुठे सोडवायची हा प्रश्न उरतो. डीएनएससुद्धा प्रॉक्सीतूनच जाऊ दे असा पर्याय तिथेच खाली असतो, त्यावर खूण कर. ती नसेल तर पानं टनेलमधून येतील, पण कुठली पानं मागितलीस ते तुझ्या नेहमीच्या डीएनएस सर्व्हरला कळत राहील. दुसरी फट वेबआरटीसीची, म्हणजे ब्राउझरमधल्या ऑडिओ-व्हिडिओ कॉलच्या तंत्राची. ते यूडीपीने थेट बाहेर पडू पाहतं, म्हणून त्या प्रोफाइलमध्ये ते बंदच ठेव. आणि पॅक फाइल (कुठल्या पत्त्याला कुठला प्रॉक्सी ते ब्राउझरला सांगणारी फाइल) वापरलीस तर शेवटी 'डायरेक्ट' हा पर्यायी मार्ग लिहू नकोस. प्रॉक्सी बंद पडला की ब्राउझर नेमका तोच धरतो.

तपासणी अशी कर. व्हीएममध्ये नॅटच्या कार्डावर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) लाव आणि प्रॉक्सीवाल्या प्रोफाइलमध्ये चार पानं उघड. तुला सर्व्हरच्या त्या एका पत्त्याकडे जाणारी आणि तिथून येणारी यूडीपी पॅकेट्स दिसायला हवीत, फार तर मध्येच एखादं डीएचसीपीसारखं किरकोळ. पोर्ट ५३ (डीएनएस) किंवा ४४३ (वेब पानं) ची एक ओळ जरी आली, तरी फायरवॉल पुन्हा बघ. मग वायरगार्ड खाली आण: त्या प्रोफाइलमध्ये काहीच उघडू नये, आणि तुझ्या नेहमीच्या ब्राउझरला काही फरक पडू नये.

सगळं जमलं की व्हीएमचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घे आणि पुढे व्हीएम हेडलेस चालव, खिडकी लागतच नाही.

एवढ्याने तू अनामिक होत नाहीस, हे मात्र ध्यानात असू दे. विश्वास फक्त इंटरनेट कंपनीकडून व्हीपीएनवाल्याकडे सरकतो, आणि लॉगिन केलंस की संकेतस्थळ तुला ओळखतंच. ऑफिसचं व्हीपीएन असं व्हीएममध्ये हलवायचा विचार असेल तर आधी तिथल्या आयटी विभागाला विचार. पुष्कळ ठिकाणी ते नियमात बसत नाही.

फायरवॉलचे नियम लिहिलेस की चालू करण्याआधी मला पाठव, मी ओळ न ओळ बघतो. टीसीपीडंपमध्ये काय दिसलं तेही कळव.

तुझाच,
मिलिंद