ओम, त्या स्टिकरबद्दल

प्रिय ओम,

फोनवर हे नीट बोलून होणार नाही म्हणून लिहितेय, पूर्ण वाच. तू सी विंगच्या काकांचं जे स्टिकर केलंयस ना, मागच्या वर्षीच्या गणपतीतलं, डोळे मिटलेले, तोंड मोठ्ठं उघडं, हातातला टाळ अर्धा कापलेला आणि खाली 'सोमवारी ऑफिसला जाताना मी', ते सोसायटीच्या ग्रुपवरून भिशीच्या ग्रुपवर गेलं आणि काल तर ऑफिसमधल्या एकीने मलाच पाठवलं, तिला कुठे माहितीये हे आपल्याच बिल्डिंगमधले.

मीम्सवर माझा राग नाहीये हे आधी सांगते. ट्रान्स हार्बर लोकल बोंबलली की अनाउन्समेंट व्हायच्या आधी मीम आलेलं असतं, डब्यात आम्ही अनोळखी बायका एकमेकींना मोबाईल दाखवून हसतो आणि निम्मा वैताग तिथेच जातो. घोडबंदरच्या ट्रॅफिकचं पण तेच. तू हॉस्टेलला गेल्यापासून 'जेवलास का' विचारलं की शब्द येत नाहीत, मीम येतं, पण त्यावरून मला बरोबर कळतं मेसमध्ये काय होतं आणि तुझा मूड कसा आहे. आणि 'अशी ही बनवाबनवी' 1988 चा, तुझा जन्म तेव्हा कुठे, तरी तू आणि बाबा त्यातल्या एकेका डायलॉगच्या मीमवर तासभर खिदळता, ते मला खरंच फार आवडतं.

पण अशोक सराफांनी ते काम लोकांनी हसावं म्हणूनच केलं होतं रे. काका आरती म्हणत होते.

कॅनडात क्युबेकमध्ये एक मुलगा होता, तुझ्यापेक्षा लहान. 2002 मध्ये त्याने शाळेतल्या कॅमेऱ्यासमोर एकट्यानेच गोल्फचे बॉल उचलायची काठी तलवारीसारखी फिरवली, खेळ म्हणून. टेप तिथेच राहिली, वर्गातल्या पोरांना सापडली आणि 2003 ला त्यांनी ती नेटवर टाकली. तेव्हा यूट्यूब पण नव्हतं, तरी जगभर गेली, लोकांनी त्यात लाईट आणि म्युझिक घालून नवीन नवीन व्हिडिओ केले. शाळेत पोरं त्याची नक्कल करायची, शेवटी त्याने शाळा सोडली, आईवडील कोर्टात गेले, 2006 ला समझोता झाला. मोठा झाल्यावर त्याने सांगितलं की लोक त्याला जीव दे म्हणून लिहायचे. मी आई आहे, मला हे वाचवत नाही.

आता तू म्हणशील सारिम अख्तरचं काय, 2019 च्या वर्ल्डकपला टॉन्टनमध्ये कॅच सुटल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला तो पाकिस्तानचा फॅन, त्याने तर एंजॉय केलं. केलं ना, आणि चांगलंच आहे. पण तो भरल्या स्टेडियममध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर होता, आणि नंतर त्याला स्वतःला त्यावर बोलायला मिळालं, त्याचं म्हणणं लोकांनी ऐकलं. काकांना कोणी विचारलं? त्यांना आठव्या मजल्यावरच्या पोराने लिफ्टमध्ये मोबाईल पुढे करून दाखवलं, 'काका, तुम्ही व्हायरल' म्हणून.

परवा आरतीला मी बघितलं. दरवर्षी सगळ्यात पुढे, थोडं बेसूर पण छातीपासून म्हणणारा माणूस यंदा मागे चपलांच्या रॅकजवळ उभा होता, 'घालीन लोटांगण'ला सुद्धा ओठ हलले नाहीत, आणि समोरची पोरं मोबाईल धरून वाटच बघत होती. मला तिथे उभं राहवेना.

तू दुष्टपणाने केलेलं नाहीस, तुला काका आवडतात हे मला माहितीये, लहानपणी तळावपाळीला बोटीत तेच न्यायचे तुला. पण पाठवल्यावर ते आपल्या हातात राहत नाही, तू तुझ्याकडून डिलीट केलंस तरी ज्यांनी सेव्ह केलं त्यांच्या मोबाईलमध्ये राहणारच. म्हणून आज सोसायटीच्या ग्रुपवर स्वतः लिही की हे मी केलंय, कृपया काढून टाका आणि पुढे पाठवू नका. लाज वाटेल, वाटू दे. मित्रांना पण सांग.

आणि शनिवारी आलास की आधी सी विंगला जा. मी बरोबर येणार नाही, बाबा पण नाहीत. काकांशी काय बोलायचं ते तुझं तू ठरव, फक्त व्हॉट्सॲपवर सॉरी पाठवू नकोस.

ट्रेनमध्ये बसलास की फोन कर, बाबा स्टेशनला येतील.

तुझी
आई