बाबा, माझा सल्ला मी मागे घेतो

नागपूर,
१६ नोव्हेंबर

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा दोन वाक्यांत "सगळं ठीक आहे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात आणि आईला सांगितलेलं बाबांपर्यंत अर्धंच पोचतं. म्हणून लिहायला बसलो. बाबा, चष्मा लावून सावकाश आणि पूर्ण वाचा.

आधी मुद्द्याचं. गेल्या वर्षी दिवाळीत मी अंगणात बसून तुम्हाला सांगितलं होतं, की पोळी-भात सोडा, भाजीसुद्धा सोडा, मटण-अंडी-तुपावर राहा, पोटाचं दुखणं परत येत नाही आणि शुगरही उतरते. तो सल्ला मी मागे घेतो. तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत, कोणाचं चटकन ऐकलं नाहीत, पण माझं ऐकून ज्वारीची भाकरी ताटातून काढलीत. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की झोप लागत नाही.

आई, तुला माहीत आहेच, बाबांचा आणि माझा आजार एकच. बाबांचा मुतखड्यासाठी सीटी स्कॅन झाला तेव्हा त्या रिपोर्टात मोठ्या आतड्याला 'डायव्हर्टिक्युला' असल्याचं लिहून आलं होतं. माझं गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात डावीकडे ओटीपोटात दुखून ताप आला, तेव्हा माझ्याही स्कॅनमध्ये तेच निघालं. फक्त माझ्या पिशव्यांना सूज होती. बाबांच्या जुन्या सायकलची ट्यूब आठवते? रबर जिथं विरलं तिथं हवा भरताना फुगा यायचा. आतड्याचंही तसंच आहे. रक्तवाहिनी ज्या जागी आतड्याच्या भिंतीतून आत शिरते ती जागा कच्ची असते, तिथून आतलं अस्तर बाहेर फुगतं आणि छोटी पिशवी होते. अशा पिशव्या असलेल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही. काहींच्या पिशव्या सुजतात, त्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणायचं. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये जुळ्या भावंडांवर अभ्यास झाले, त्यांत या आजाराचा जवळजवळ निम्मा धोका आनुवंशिक असतो असं दिसलं. म्हणजे मला जे झालं ते बाबांनी स्वतःवरचं समजून वाचायचं आहे.

पहिल्या दुखण्यानंतर मी मांसाहारावर का गेलो, ते नीट सांगतो. दुखत असताना डॉक्टरांनी दोन दिवस फक्त पातळ पदार्थ दिले, मग मऊ आणि चोथा, म्हणजे फायबर, नसलेलं जेवण. पोट शांत झालं. घरी आल्यावर मी भाकरी-भाजी सुरू केली की पोट फुगायचं, आणि मटण-अंडी खाल्ली की हलकं वाटायचं. मी मनाशी ठरवून टाकलं, की भाजीच आपली वैरी. तीन महिन्यांची शुगर ७.८ वरून ६.२ वर आली, वजन ९ किलोनं उतरलं. हे खोटं नव्हतं बाबा, म्हणूनच मी तुम्हाला इतक्या जोरात सांगितलं. मांसात चोथा नसतो, आतड्याला काम कमी पडतं, त्यामुळे आराम पडतो. सुजलेल्या आतड्याला काही दिवस तो आराम हवाच असतो. पण पिशव्या जागच्या जागीच राहतात. दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला, असं मी धरून चाललो आणि तिथंच चुकलो.

आता मे महिन्यातलं. मला उन्हामुळे चक्कर आली, दोन दिवस सलाइन लावलं, असं मी तुम्हाला कळवलं होतं. ते खरं नव्हतं. मला माफ करा.

तेव्हा नागपूर ४५ अंशांवर होतं. भात-पोळीतलं पिष्ट बंद केलं की शरीरातलं पाणी आणि मीठही जास्त निघून जातं, त्यात हा उन्हाळा, त्यात जेवणात चोथा नाही. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. गुडघा दुखायचा म्हणून मी आयबुप्रोफेन घेत होतो, तीन आठवडे जवळजवळ रोज. एका रात्री डावीकडे तीच कळ आली, थंडी वाजून ताप आला. तुमच्या सुनेनं भाताची पेज गाळून आणली, आणि मी ती परत पाठवली. भात नको म्हणालो. मटणाच्या हाडांचं पाणी पीत राहिलो. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला. ग्लुकोमीटरवर शुगर १७४ होती, म्हणून मला वाटलं घाबरण्यासारखं काही नाही. तिनं ऐकलं नाही, रिक्षात घातलं आणि धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. तिथं रक्त तपासलं तर किटोन वाढून रक्त आंबट झालेलं. मी डॅपाग्लिफ्लोझिन घेतो. ती गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. पोटात पिष्ट नाही, उलट्या चालू, आणि गोळी तर मी नेमानं घेत होतो. अशा वेळी शरीर चरबी जाळत सुटतं, आम्ल साचतं, आणि बोटाच्या तपासणीत शुगर फारशी चढलेली दिसतच नाही. दोन रात्री मी आयसीयूत होतो. एक वाटी पेज मी परत पाठवली होती, हे तिथं पडल्या पडल्या सारखं मनात येत होतं.

बाबा, तीच गोळी तुमच्या डब्यात आहे, आणि सोबत ग्लिमेपिराइड. जेवण कमी आणि ग्लिमेपिराइड पूर्ण, तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. भाकरी सोडताना गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्यायला हवं होतं. हे मी तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आणि मे महिन्यात कळल्यावर लाजेनं सहा महिने गप्प बसलो. या पत्रातली सगळ्यात जड गोष्ट हीच आहे.

बरं होऊन आलो तेव्हा या विषयावरचं जे मिळेल ते वाचलं. १९७१ मध्ये पेंटर आणि बर्किट या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी मांडलं, की जेवणातला चोथा कमी झाल्यामुळे हा आजार वाढला. बर्किट युगांडात काम केलेले. तिथल्या गावाकडच्या लोकांत हे दुखणं त्यांना क्वचितच दिसलं होतं. पुढं २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात उलटं दिसलं: भरपूर चोथा खाणाऱ्यांनाही पिशव्या होत्याच. मी मांसाहारावर असताना हे एवढंच धरून बसलो होतो. पण पिशव्या होणं वेगळं आणि त्या सुजणं वेगळं, हे लक्षात घेतलं नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ४७ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात, जो २०११ मध्ये छापून आला, शाकाहारी माणसांना या आजाराचा धोका ३१ टक्क्यांनी कमी निघाला. २०१८ मधला आणखी एक अभ्यास अमेरिकेतल्या ४६ हजार पुरुषांचा आहे. लाल मांस सगळ्यात जास्त खाणाऱ्या गटात डायव्हर्टिक्युलायटिस सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी जास्त, आणि रोजच्या लाल मांसाच्या एका वाढणीऐवजी मासे किंवा कोंबडी खाल्ली तर धोका २० टक्क्यांनी कमी. असे अभ्यास नुसते पाहून लिहिलेले असतात, मांसामुळेच होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, हे मी मान्य करतो. पण माझ्या बाजूनं माझ्याजवळ होतं काय? माझं एकट्याचं पोट, तेही अकरा महिन्यांनी परत सुजलेलं.

मग आता मी काय खातो, असं आई विचारेल. पिष्ट मी अजूनही कमीच खातो. शुगरसाठी ते मला मानवतं आणि डॉक्टरांनीही नाही म्हटलेलं नाही. फरक एवढाच, की ताट परत भाज्यांनी भरलं. दोडकं, दुधी, पालक, मेथी, भेंडी, फुलकोबी, वांगी. यांत पिष्ट थोडं आणि चोथा पुरेसा. दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी. अंडी, दही, रहू मासा, कोंबडी. मटण पंधरा दिवसांतून एकदा, तेही घरचं, तर्री नसलेलं. आणि आई, रोज दोन चमचे जवसाची चटणी. जवसात १०० ग्रॅमला २७ ग्रॅमच्या आसपास चोथा असतो आणि त्याखेरीज पिष्ट जवळजवळ नाहीच. कमी पिष्टाच्या जेवणात चोथा आणायचा कुठून म्हणून मी दुकानं पालथी घातली, आणि उत्तर तुझ्या फळीवरच्या बरणीत होतं.

हे एकदम वाढवू नका. मी पहिल्या आठवड्यात अर्धाच चमचा घेतला, पाणी वाढवलं, मग महिन्याभरात इथवर आलो. घाई केली असती तर परत पोट फुगलं असतं आणि मी परत भाजीलाच दोष दिला असता.

आणखी एक, आई. मी गावी आलो की तू भरिताच्या वांग्यातल्या बिया वेचून काढतेस, पेरूचा गर चाळणीतून घासतेस, टमाटे पिळून घेतेस. पूर्वी डॉक्टरच सांगायचे, की बी पिशवीत अडकतं. २००८ मध्ये ४७ हजार पुरुषांना १८ वर्षं पाहून केलेला अभ्यास आला, त्यात शेंगदाणे-बदामासारखे दाणे, मका, मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांना धोका जास्त नव्हता. दाणे आणि लाह्या खाणाऱ्यांत तर कमीच होता. तुझ्या बोटांना सांधेदुखी आहे. ते काम आता सोड. पेरू मी चावून खाईन.

आता बाबा, तुमच्याबद्दल. आईवर रागावू नका, तिनं मला सांगितलं. महालक्ष्म्यांच्या वेळी तुमच्या डाव्या कुशीत चार दिवस दुखलं, अंग गरम होतं आणि तुम्ही 'वायगोळा' म्हणून ओवा खाऊन झोपलात. आणि गेल्या आठवड्यात शौचाला रक्त पडलं, तर म्हणालात मूळव्याध आहे. असेलही मूळव्याध. पण या पिशव्यांतूनही रक्त जातं, तेही बरेचदा काही न दुखता. आणि ७६ व्या वर्षी रक्त पडलं तर आतड्यात गाठ नाही ना, हे दुर्बिणीनं पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. सुजलेलं असताना दुर्बीण घालत नाहीत, आतडं फाटायची भीती असते. सहा ते आठ आठवडे थांबतात. महालक्ष्म्यांना तेवढे होऊन गेले. माझी जुलैत झाली. झोपेचं इंजेक्शन देतात, काही कळत नाही. आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध तेवढं नकोसं वाटतं. आणि डॅपाग्लिफ्लोझिन साधारण तीन दिवस आधी थांबवावी लागते, ते डॉक्टरांना आधी विचारून मी तुम्हाला तारीख घालून सांगेन.

गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून आणता ती डायक्लोफिनॅकची गोळी आजपासून बंद करा. अशा गोळ्यांनी या पिशव्या फुटण्याचा आणि त्यातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनानं थांबवू नका. रक्त पडलं हे मी हृदयाच्या डॉक्टरांना उद्याच फोन करून सांगतो, ते म्हणतील तसं करू.

आई, हे तू लक्षात ठेव. ताप, पोट दगडासारखं कडक होणं, उलट्या न थांबणं, वारा न सरणं, लघवीत बुडबुडे, भरपूर रक्त, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. काटोल ते नागपूर ६० किलोमीटर आहे, रात्रीही मी पोचतो. आणि नुसतं पोट दुखून जेवण जात नसेल तरीही मला फोन कर, गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारू, आणि बाबांना भाताची पेज दे. ते नको म्हणाले तरी दे.

बाबा, सकाळी बागेपर्यंत चालत जाता ते चालू ठेवा. अंबियाची तोड चालू असेल, संत्री खुशाल खा, एखादं, फोडींसकट. रस काढून नको. भाकरी उद्यापासून अर्धी सुरू करा.

मी शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो. तुमचा जुना सीटी रिपोर्ट लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, सातबाऱ्याच्या फाइलखाली आहे. तो आणि गोळ्यांचा पूर्ण डबा पिशवीत घालून ठेवा. आई, जवस निवडून ठेव. भाजायचं आणि कुटायचं मी आल्यावर, मला शिकव.

तुमचा,
मोठा