वजनाबरोबर कंबरही मोजावी

आपल्या आरोग्य पुरवणीतील स्थूलतेवरील लेखात ‘बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) २५ च्या आत असल्यास काळजीचे कारण नाही’ असे म्हटले आहे. भारतीयांच्या बाबतीत हे विधान दिशाभूल करणारे आहे. बीएमआय केवळ उंची आणि वजनाचे गणित मांडतो. त्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे त्यातून कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण देऊन हा मुद्दा मांडला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! हातपाय किडकिडीत आणि पोट मात्र सुटलेले, अशी माणसे आपल्याकडे घरोघरी दिसतात, आणि पोटातील अवयवांभोवती साठणारी हीच चरबी इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणून मधुमेहाला वाट करून देते. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक कंबर धोक्याची मानली जाते. साध्या टेपने घरी तपासता येणारी ही मर्यादा लेखात द्यायलाच हवी होती. ती पुढील अंकात ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे