मंत्रीसाहेब, रंगभवनचं कुलूप कधी काढताय?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार. मी डोंबिवलीचा, नोकरी फोर्टात आणि नाद जॅझचा. धोबीतलावच्या बंद पडलेल्या रंगभवन या उघड्या थिएटरबद्दल लिहितोय, पण आधी आमची अडचण ऐका. ऑफिस सुटलं की लोक लोकल पकडतात आणि मी इन्स्टा उघडून बघत बसतो की आज कोण कुठे वाजवतंय, कारण मुंबईत जॅझचं वेळापत्रक वगैरे प्रकारच नाही, दुपारी चारला कुठल्यातरी ड्रमरची स्टोरी येते की आज रात्री बांद्र्याला ट्रिओ, म्हणजे तिघांचा बँड आहे, साडेआठला या, आणि साडेआठ म्हणजे पावणेदहा हे आता आम्हा सगळ्यांना पाठ झालंय.

वादकांबद्दल तक्रार नाही, एकेक जण अफाट आहे. तक्रार जागेची. मागे एका बारमध्ये बासवाल्याचा सोलो (एकट्याचं वाजवणं) रंगात आलेला, ड्रमर नुसते ब्रश फिरवत होता, इतकं हळू की ग्लासातला बर्फ ऐकू यावा, आणि नेमका तेव्हाच किचनमधून फुलबाजी लावलेला केक आला आणि सगळा स्टाफ टाळ्या पिटत हॅपी बर्थडे! पियानोवाला काय करणार, त्याने तीच चाल उचलली, दोन-चार तिरके कॉर्ड टाकून फिरवली आणि बासवाल्याला अलगद सोलोत परत आणून सोडलं. केकवाल्या टेबलावर कोणाच्या लक्षातही आलं नाही, मागे उभी असलेली आम्ही चार टाळकी मात्र वेडी व्हायची बाकी होतो. अर्थात त्या टेबलाच्या बिलातूनच बँडचे पैसे निघतात, हेही खरंय.

म्हणजे दारू खपली तर जॅझ. लोअर परळचं ब्लू फ्रॉग, लाइव्ह म्युझिकचा क्लब, २००७ ला सुरू झालं आणि २०१६ ला बंद, तेव्हा किती जणांची हक्काची जागा गेली. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा जॅझ फेस्टिवल झकास असतो पण त्यावर वर्ष निघत नाही ना. माझी पुतणी अकरावीत आहे, सॅक्सोफोन शिकते, तिला लाइव्ह ऐकायला नेऊ कुठे? बारच्या दारात आयडी मागतात, आणि बरोबरच मागतात.

आता मुद्द्याचं. धोबीतलावचं रंगभवन तुमच्याच खात्याचं. तिथे १९७८ ला निरंजन झवेरींनी जॅझ यात्रा हा फेस्टिवल सुरू केला आणि पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्स येऊन वाजवून गेला, सॉनी रॉलिन्स! म्हणजे आपल्याकडे गाण्यात भीमसेनजी तसा सॅक्सोफोनमध्ये हा माणूस. पुढे रॉकवाल्यांचा इंडिपेंडन्स रॉक फेस्टिवलही तिथेच व्हायचा. मग ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आले, हॉस्पिटल-कॉलेजपासून १०० मीटर शांतता क्षेत्र, आणि रंगभवनच्या शेजारी झेवियर्स, जवळ कामा आणि जीटी हॉस्पिटलं. झालं, तिथले कार्यक्रम संपले. नियम चूक आहे असं मी म्हणत नाही, पेशंटची झोप मोडून सोलो ऐकायची हौस कोणालाच नाही. पण अडचण उघड्या थिएटरची आहे ना? मग त्यावर छप्पर घाला, भिंती साउंडप्रूफ करा. मोठा हॉल नको, जॅझला डीजेच्या भिंती लागत नाहीत, दोन-तीनशे खुर्च्या, एक बरा पियानो (वेळच्या वेळी ट्यून होणारा, प्लीज) आणि कॉलेजच्या पोराला परवडेल असं तिकीट. रंगभवनचं काहीतरी करणार अशा बातम्या अधूनमधून वाचतो, पुढे काय होतं कळत नाही.

आता कोणीतरी म्हणणार की जॅझ आपलं कुठे, ते तर अमेरिकेचं. साहेब, १९३५ ला लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, त्यानंतर आपल्या गोव्याच्या पोरांनी हे संगीत असं काही उचललं की हळदोण्याच्या चिक चॉकलेट या ट्रम्पेटवाल्याला लोक इंडियाचा लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेचा ट्रम्पेटचा बादशहा) म्हणायला लागले. मग दारूबंदी आली, हॉटेलांतली कामं कमी झाली आणि हे वादक फिल्म स्टुडिओत जास्त दिसायला लागले. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे राम चितळकर, त्यांच्याकडे चिक चॉकलेट होता, भगवानदादांच्या १९५१ च्या अलबेलामध्ये तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. ज्या गाण्यांवर आपल्या दोन पिढ्या लग्नात नाचल्या त्यातला ट्रम्पेट कुठून आला ते बघा म्हणजे झालं. आणि रंगभवनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर जेर महलमध्ये गोवेकरांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र राहायच्या खोल्या, तिथेच फुर्टाडोजचं वाद्यांचं दुकान. जागा बदलून मागतच नाहीये आम्ही.

अजून एक छोटी मागणी. रात्री बारापर्यंत लाउडस्पीकरला सूट द्यायला वर्षाचे १५ दिवस सरकारच्या हातात असतात, ते गणपती-नवरात्रात जातात, जाऊदेत, त्यातला एकच ३० एप्रिलला द्या, युनेस्कोने तो जॅझ दिवस ठरवलाय. बांद्रा किल्ल्याच्या अ‍ॅम्फीथिएटरमध्ये करू, फुकट, पोराबाळांसकट.

रंगभवनची फाइल सध्या कोणत्या टेबलावर आहे एवढं जरी खात्याने कळवलं तरी चालेल, पाठपुरावा आम्ही करतो, आम्हा जॅझवाल्यांच्या गर्दीत दोन वकील आणि एक आर्किटेक्ट आहेत, तिघेही फुकट काम करायला तयार आहेत.

आपला,
डोंबिवलीचा एक जॅझवेडा